आईच्या किडनीची बायोप्सी

किडनीच्या प्रत्यारोपणाला दहा-बारा वर्षं उलटली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, चढायला लागलं, की आजूबाजूची माणसं समजूत घालू लागतात. "इतकी वर्षं चालली ना, देवाची कृपा म्हण." "बाहेरून बसवलेली किडनी, कधीतरी जाणारच." बोलणाऱ्यांच्या मनात माया असते. पण अशा बोलण्यातून एक समज पक्का होतो, की बसवलेल्या किडनीची मुदत ठरलेली असते आणि ती भरली की किडनी आपोआप बंद पडते. मला हे अजिबात पटत नाही. किडनी बंद पडायला कारण लागतं. ते कारण बहुतेक वेळा शोधता येतं, आणि ते कळण्याआधी अंदाजाने औषध बदलणं धोक्याचं असतं. गेलं वर्षभर मी ज्यातून गेले ते लिहून काढतेय ते एवढ्याचसाठी.

मी डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या स्वतःच्या दोन्ही किडन्या आयजीए नेफ्रोपथी या किडनीच्या गाळण्या बिघडवणाऱ्या आजाराने निकामी झाल्या. २०१२ साली आईने मला तिची डावी किडनी दिली. तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. शस्त्रक्रिया गोव्याबाहेर झाली, पुढची देखरेख इथेच. ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगते: जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, त्या आत सुकून राहतात. नवी किडनी पाठीकडे बसवत नाहीत. ओटीपोटात एका बाजूला, कंबरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला तिची जागा करतात. माझी उजवीकडे आहे. हात ठेवला की हाताला लागते.

पुढे कितीतरी वर्षं क्रिएटिनिन १.१ आणि १.२ च्या मध्ये राहिलं. मी एका वहीत तारीख, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमसची (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) रक्तातली पातळी, रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन असे रकाने आखून सगळं लिहीत आले. त्या वहीतच पहिल्यांदा दिसलं. १.३, मग १.४, मग पुन्हा १.३, मग १.६. मला काहीही होत नव्हतं. पायाला सूज नाही, दम नाही, जेवण व्यवस्थित, शाळेत दिवसभर उभी राहून शिकवत होते. पण लघवीत प्रथिन यायला लागलं होतं, आणि आधी एका गोळीवर राहणारा रक्तदाब आता राहत नव्हता.

क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीचा बराच भाग कामातून जाईपर्यंत उरलेला भाग जास्तीचं काम ओढून नेतो, त्यामुळे आकडा फारसा हलत नाही. शिवाय बारीक अंगाच्या बाईचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, तेव्हा १.६ दिसायला थोडं असलं तरी माझ्यासाठी थोडं नव्हतं. प्रयोगशाळेच्या कागदावर त्या आकड्याशेजारी एक छोटा बाण छापलेला होता, एवढंच. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाने एकटा आकडा बघू नये, वहीतली रेघ बघावी. लघवीतल्या प्रथिनाची तपासणी तर कुणी सांगितली नाही तरी मागून घ्यावी.

आई हल्ली आमच्याकडेच असते. तिच्यापासून लपवायचं असं यजमानांनी आणि मी ठरवलं होतं, पण ती वही वाचते. एका संध्याकाळी भात निवडता निवडता तिने विचारलं, "बाय, माझी किडनी जुनी होती, म्हणून अशी झाली काय गो?"

मला उत्तर देता आलं नाही. दिलं असतं तर ते तिला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर झालं असतं, आणि आईला ते लगेच कळलं असतं. वयाचा प्रश्न खोटाही नव्हता. वयस्क दात्याच्या किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या मुळातच कमी उरलेल्या असतात, त्यामुळे तिची पुंजी थोडी कमी असते, हे खरं आहे. पण आईच्या किडनीचं तसंच झालं का, हे बाहेरून बघून कुणीच सांगू शकत नव्हतं.

बांबोळीच्या इस्पितळात ज्या डॉक्टरांकडे मी जाते त्यांनी वहीवर बोट ठेवून सांगितलं, "बायोप्सी करूया." म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा. मी विचारलं, औषधाचा डोस वाढवून आधी बघता येणार नाही का? त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि बाहेर रांग असतानाही नीट समजावून सांगितलं. तुमचं शरीर किडनी नाकारत असेल, तर औषध वाढवायला लागेल. बीके नावाचा विषाणू किडनीत जागा झाला असेल, तर औषध कमी करायला लागेल. टॅक्रोलिमसच किडनीला बाधत असेल, तरी कमीच करायचं. तुमचा जुना आयजीए नव्या किडनीत उलटला असेल, तर विचार आणखी वेगळा. या चारही गोष्टींत क्रिएटिनिन सारखंच चढतं. मी अंदाजाने वाढवलं आणि आत विषाणू निघाला, तर मीच त्याला मोकळं रान दिलं असं होईल.

त्यातलं टॅक्रोलिमसचं ऐकून मला धक्का बसला. ज्या गोळीवर आमचं सगळं उभं आहे, तीच वर्षानुवर्षं घेतल्यावर किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड करते. तिच्याशिवाय चालत नाही आणि तिचं जास्त झालेलंही चालत नाही. म्हणून तर तिची रक्तातली पातळी मोजायची. तीही सकाळचा डोस घेण्याआधी, रात्रीच्या डोसाला बारा तास होत असताना. डिचोलीहून पहिली बस पकडून, सकाळच्या गोळ्या पर्समध्ये तशाच ठेवून बांबोळीला जायचं, रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फुगतो आणि त्या आकड्यावरून डोस चुकीचा ठरतो. नव्या रुग्णांना हे कुणीतरी दोनदा सांगायला हवं.

बायोप्सीची मला भीती होती, ती स्वतःच्या किडनीच्या बायोप्सीच्या आठवणीमुळे. तेव्हा पालथं झोपवून, पोटाखाली उशी ठेवून पाठीतून सुई घातली होती, आणि "श्वास रोखा" म्हटल्यावर श्वास रोखून धरायचा होता. या वेळी उताणं झोपायचं होतं. बसवलेली किडनी पोटाच्या पुढच्या बाजूला, कातडीजवळच असते आणि श्वासाबरोबर ती वरखाली होत नाही, त्यामुळे श्वास रोखायची गरज पडली नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर करड्या रंगाची किडनी दिसत होती. मी मान वळवून बघत राहिले. आईची ती.

जागा बधिर करण्याचं इंजेक्शन थोडं झोंबलं. मग डॉक्टरांनी बायोप्सीची बंदूक हातात घेऊन रिकामीच एकदा उडवून दाखवली, आवाजाने दचकायला नको म्हणून. टक्. माझ्याजवळ उभ्या असलेल्या सिस्टरने खांद्यावर हात ठेवला, "बाय, हालूं नाका." दुसऱ्यांदा टक् झालं तेव्हा दुखलं नाही, आत कुणीतरी जोरात ढोसल्यासारखं वाटलं फक्त. असे दोन तुकडे घेतले. सिस्टरने ते मला दाखवले. शेवयाच्या तुटक्या काडीएवढे, फिकट गुलाबी. एक फॉर्मेलिनमध्ये गेला, दुसऱ्यातला भाग वेगळ्या द्रावात, कारण त्यावर चमकणाऱ्या रंगांची तपासणी करायची होती. तुकडा पुरेसा आहे की नाही याचाही नियम आहे: किमान दहा गाळण्या आणि दोन धमन्या त्यात यायला हव्यात. माझ्या तुकड्यांत चौदा गाळण्या मिळाल्या. त्यानंतर जागेवर दाब देऊन संध्याकाळपर्यंत सरळ पडून राहायचं, आणि प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या बाटलीत. खिडकीत बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या, रंग लाल होतो का ते सगळ्यांना दिसावं म्हणून. एकदा किंचित गुलाबी झाली, पुढची स्वच्छ. रात्री घरी शीतकडी जेवले.

रक्ताचा एक नमुना गोव्याबाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. त्यातून डीएसए बघायचे होते, म्हणजे आईच्या पेशींवरच्या खुणांविरुद्ध माझ्या शरीराने अँटीबॉडी बनवल्यात का. ही तपासणी महाग आहे आणि निकाल यायला वेळ लागतो.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत बाकावर काणकोणचे एक गृहस्थ भेटले. काणकोण तालुक्यात कारण नीट न कळलेल्या किडनीविकाराचे कितीतरी रुग्ण आहेत, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हेही त्यातलेच. भावाने किडनी दिलेली. आमचे कागद आम्ही एकमेकांना दाखवले. क्रिएटिनिन दोघांचंही १.६ च्या आसपास, चढण सारखीच. त्यांची बायोप्सी माझ्या आधी झाली होती आणि त्यांच्यात बीके विषाणू निघाला होता. हा विषाणू बहुतेक सगळ्यांना लहानपणीच होऊन जातो आणि मूत्रमार्गात गप्प पडून राहतो. १९७१ साली लंडनच्या डॉक्टरांनी तो एका प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या लघवीत सापडल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्याच रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला बीके म्हणतात. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात तो किडनीच्या नळ्या पोखरू लागतो. त्यावर खात्रीचं औषध नाही, दाबणाऱ्या गोळ्या कमी करणं हाच उपाय. त्यांच्या गोळ्या कमी केल्या होत्या आणि रक्तातला विषाणू उतरत होता.

माझा अहवाल आला आणि माझ्या गोळ्या वाढवल्या. एकाच बाकावरचे दोघे, एकच आकडा, उलट औषध. डॉक्टरांनी खुर्ची ओढून सांगितलं होतं ते मला खरं कळलं ते तेव्हा. काणकोणच्या त्या गृहस्थांना आणखी एक काळजी आहे. मूळ आजार कोणता हेच ठाऊक नसल्यामुळे तो उलटतोय का यावर लक्ष कसं ठेवायचं, हे त्यांना कुणी सांगू शकत नाही. माझ्याकडे निदान आयजीएचं नाव तरी होतं.

अहवालात काय होतं ते सांगते. आयजीए जवळजवळ नव्हताच. बीकेचा रंग आला नाही. टॅक्रोलिमसच्या खुणा होत्या, पण थोड्या. मुख्य गोष्ट अशी, की गाळण्यांच्या भिंती दुपदरी झाल्या होत्या, नळ्यांभोवतीच्या केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशी साचल्या होत्या, आणि सी४डीचा, म्हणजे अँटीबॉडीच्या हल्ल्याची खूण दाखवणारा, रंग चढला होता. नळ्यांचा सुमारे पाचवा भाग सुकून तिथे व्रण धरला होता. आणि रक्तात डीएसए होते. अँटीबॉडीमुळे होणारं दीर्घकालीन रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं.

डीएसएचं गणित मला फळ्यावर मांडता येईल इतकं सोपं आहे. प्रत्येकाच्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या वडिलांकडून. म्हणजे माझ्या आईकडे जेवढ्या खुणा आहेत त्यातल्या निम्म्याच माझ्यात आहेत. उरलेल्या निम्म्या माझ्या शरीराच्या दृष्टीने परक्या. सख्खी आई असली तरी. माझ्या अँटीबॉडी त्या न आलेल्या निम्म्यातल्या डीक्यू नावाच्या खुणेविरुद्ध होत्या, आणि प्रत्यारोपणानंतर नव्याने होणाऱ्या अँटीबॉडींत डीक्यूच सगळ्यात जास्त आढळते. या अँटीबॉडी किडनीतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि वर्षानुवर्षं ते झिजवत राहतात. ताप नाही, वेदना नाही.

मग त्या तयार केव्हा झाल्या? २०२१ च्या मे महिन्यात मला कोविड झाला होता. जंतुसंसर्ग जोरात असताना मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी थांबवतात, जगभर तसंच करत होते, माझंही थांबवलं. नंतर पांढऱ्या पेशी कमी राहिल्या म्हणून बराच काळ अर्ध्या डोसावर ठेवलं. त्याच काळात टॅक्रोलिमसची पातळी वहीत ४ पासून ९ पर्यंत हेलकावे खाताना दिसते. डॉक्टर म्हणाले, कदाचित तेव्हा, पण नक्की सांगता येणार नाही. आधीचा डीएसएचा नमुनाच नाही, तर कशाशी ताडून बघणार? तेव्हा ते मायकोफेनोलेट थांबवलं नसतं तर मी आज हे लिहायला असते की नाही, हाही प्रश्न आहेच. त्या निर्णयाबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

घरी आल्यावर आईला समोर बसवलं आणि अहवाल मराठीत वाचून दाखवला. तुझ्या किडनीत म्हातारपणाने काही झालेलं नाही. जे झालंय ते माझ्या रक्ताने केलंय. ती बराच वेळ कागद हातात धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती अजून भांडत असा." माझा घसा दाटून आला. बारा वर्षांनंतर तिला उत्तर मिळालं ते त्या शेवयाच्या काडीएवढ्या तुकड्यातून. आणखी कशासाठी नाही तरी एवढ्यासाठी मी ती बायोप्सी पुन्हा करून घेईन.

तिला मी बोस्टनच्या जुळ्या भावांची गोष्टही सांगितली. २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. यशस्वी झालेलं ते पहिलं किडनी प्रत्यारोपण. दोघे एकाच बीजातले, त्यामुळे रिजेक्शनचा प्रश्नच नव्हता. तरीही पुढे रिचर्डचा मूळ आजार त्या नव्या किडनीत उलटला आणि १९६३ साली तो गेला. किडनी देणारा रोनाल्ड मात्र २०१० पर्यंत जगला, एकोणऐंशी वर्षांचा होऊन. आईला त्यातला दुसरा भाग आवडला. मला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शंभर टक्के जुळणी असली तरी किडनी जाऊ शकते, आणि तिचं कारण तेव्हाही होतं.

वाट बघण्याच्या दिवसांत मी जे वाचलं त्यातले दोन अभ्यास मनात राहिले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००९ साली १,३१७ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. ३३० किडन्या गेल्या होत्या. त्यातल्या १३८ वेळा किडनी चालूच होती, माणूस गेला. मला हे वाचून पुस्तक मिटावंसं वाटलं. आम्ही क्रिएटिनिनवर डोळा ठेवून बसतो आणि हृदय, मधुमेह, संसर्ग, कर्करोग बाजूने येतात. टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड दोन्ही साखर वाढवतात, हे आमच्यातल्या कितीजणांना माहीत असतं? उरलेल्यांपैकी १५३ किडन्या काही काळ चालून मग बंद पडल्या होत्या, आणि त्यात जवळजवळ प्रत्येकीचं कारण हाती लागलं. सर्वाधिक गाळण्यांचे आजार, साधारण ३७ टक्के. त्यानंतर व्रण आणि सुकलेल्या नळ्या, आणि त्यातही पुष्कळदा मागचं कारण सापडलं.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या एडमंटनचा, २०१२ सालचा. बायोप्सी केलेल्या ३१५ रुग्णांपैकी ज्यांच्या किडन्या पुढे गेल्या आणि कारण ठरवता आलं, त्यातल्या ६४ टक्के रिजेक्शनने गेल्या होत्या, आणि बहुतेक ठिकाणी अँटीबॉडीच कारणीभूत. रिजेक्शनने गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या गोळ्या नियमित नव्हत्या. दोन अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण रुग्ण वेगळे, निवड वेगळी, कशाला काय म्हणायचं तेही वेगळं. पण "वय झालं, गेली" असं दोघांनीही म्हटलेलं नाही. पूर्वी बायोप्सीच्या अहवालात अशा सगळ्या किडन्यांसाठी एकच सरधोपट शेरा मारायची पद्धत होती. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ पासून ज्यांनी या अहवालांचे नियम बसवले, त्यांनीच २००५ च्या बैठकीत तो शेरा काढून टाकला, कारण तो लिहिला की कारण शोधणंच थांबायचं. आमच्याकडे कागदावरून तो गेला, बोलण्यातून गेलेला नाही.

गोळ्या नियमित नसणं याबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. त्या अभ्यासातला निम्मे हा आकडा वाचून कुणी रुग्णाला बेजबाबदार म्हणेल. मी इथे जे बघते ते निराळं आहे. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीची गोळी महिन्याच्या शेवटी संपते आणि पगार सातला होतो. एकाला औषधाच्या दुकानात नेहमीच्या कंपनीची गोळी नाही म्हणून दुसऱ्याच कंपनीची दिली गेली, "सेमच आहे" म्हणून. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली की डॉक्टरांना कळवून पातळी पुन्हा मोजायला हवी, हे त्याला कोण सांगणार? एकाला क्षयाची औषधं सुरू झाली, त्यातल्या रिफॅम्पिसिनने टॅक्रोलिमसची पातळी पार खाली ओढली. उलट क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांनी ती वर जाते. जुलाब झाले तर पातळी कमी होईल असं वाटतं, पण ती पुष्कळदा वाढते, आणि त्यातच अंगातलं पाणी कमी झालेलं. पावसाळ्यात गोव्यात जुलाब काही नवल नाही. त्या वेळी घरगुती उपायांवर दिवस काढण्यापेक्षा पातळी बघावी.

खाण्यातली आपली इथली उदाहरणं कुठल्या छापील पत्रकात नसतात म्हणून लिहिते. चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळांच्या चौकटीला, बांधलेलं पपनस विसर्जनानंतर घरात सोलून वाटतात. ते टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं, ग्रेपफ्रूटसारखंच. ते मी खात नाही. करमलं (स्टारफ्रूट) आणि बिंबलं ही आंबट फळं, मग ती आमटीतली असोत की लोणच्यातली, त्यात ऑक्सॅलेट भरपूर असतं आणि करमलाचा तर किडनीचं काम मंद झालेल्या माणसाच्या मेंदूवरही परिणाम होतो. तीही नाहीत. अंगदुखीला वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय नाही. जत्रेत रात्रभर नाटक असलं तरी नऊच्या ठोक्याला गोळी. आमच्या गावच्या जत्रेत दुसऱ्या अंकाच्या मध्यात माझा मोबाइल वाजतो हे आता शेजारच्या खुर्च्यांनाही पाठ झालंय, तेच पाण्याची बाटली पुढे करतात.

उपचारांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. अँटीबॉडीच्या या जुनाट रिजेक्शनवर सिद्ध झालेलं औषध आजच्या घडीला नाही. २०१९ साली प्रत्यारोपणाच्या जागतिक संघटनेने जमवलेल्या तज्ज्ञांनीही हेच म्हटलं, की मूळ औषधं नीट बसवा: टॅक्रोलिमसची पातळी ५ च्या खाली जाऊ देऊ नका, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड असू द्या, रक्तदाब, साखर, प्रथिन आवरा. माझं तेच चाललंय. मायकोफेनोलेट पूर्ण डोसावर आलं, मध्ये बंद झालेलं प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम पुन्हा सुरू, आणि टेल्मिसार्टन, जे रक्तदाबाबरोबर प्रथिनही कमी करतं. इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्यांबद्दल मी विचारलं. डॉक्टरांनी खर्च सांगितला, पुरावा तोकडा आहे हेही सांगितलं आणि माझ्या बाबतीत नको म्हणाले. फेल्झार्टामॅब नावाच्या औषधाची एक छोटी चाचणी, बावीस रुग्णांची, २०२४ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे निकाल चांगले आहेत. मोठ्या चाचणीचे निकाल यायचे आहेत. त्यावर माझं लक्ष आहे.

माझं क्रिएटिनिन आता १.७ वर टेकलंय, प्रथिन निम्म्यावर आलंय. हे किती वर्षं टिकेल ते कुणी सांगत नाही, मी विचारतही नाही. पण पुढची तयारी आत्तापासून करायची असते, हे मला उशिरा का होईना नीट समजावलं गेलं. डाव्या हाताच्या शिरेत आता सुई घालू देत नाही. उद्या डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हातातली शीर धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया, करायची वेळ आली तर ती शीर शाबूत हवी. रक्त घ्यायचं तर उजव्या हाताच्या पंजावरून घ्या म्हणून सांगते. रक्त चढवणंही शक्यतो टाळायचं, कारण दुसऱ्याच्या रक्तातून आणखी अँटीबॉडी तयार होतात आणि पुढच्या दात्याशी जुळणं कठीण होतं. २०१२ चा एचएलए जुळणीचा कागद आणि बायोप्सीचा पूर्ण अहवाल, नुसता शेवटचा निष्कर्ष नव्हे, दोन्हींच्या प्रती मी वहीच्या पाठीत चिकटवून ठेवल्यात. इस्पितळ बदलायची वेळ आली तर आधी हेच कागद मागतात.

यजमानांनी स्वतःहून रक्तगट तपासून आणला. जुळतो. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात नवरा जवळच्या नातेवाइकांत मोडतो, त्यामुळे कागदपत्रांची वाट तशी सरळ आहे. पण माझ्या अँटीबॉडी त्यांच्या खुणांवर चालून जातील का, ते क्रॉसमॅच केल्यावरच, म्हणजे माझं रक्त त्यांच्या पेशींशी ताडून बघितल्यावरच, कळेल. आमचा मुलगा झाला तेव्हा त्यांच्या खुणांशी माझ्या शरीराची ओळख आधीच झालीय, त्यामुळे ती शक्यता डॉक्टर गंभीरपणे घेतायत. नमुना चतुर्थीनंतर पाठवायचा ठरलंय, माझ्या पुढच्या डीएसएच्या नमुन्याबरोबरच. आईची वार्षिक तपासणीही तेव्हाच आहे. किडनी दिलेल्या माणसानेही दर वर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन बघायचं असतं, आणि गेल्या वर्षी भाताच्या लावणीच्या गडबडीत तिने ते पुढे ढकललं होतं.